माझ्या हाताचं माप

फोन आला तेव्हा मी हळदीच्या कुकरपाशी उभी होते. अर्धा फाल्गुन उलटला होता, शेतात शेवटची हळद शिजत होती आणि वाफेनं चष्मा असा धुरकटला होता की कुणाचा नंबर आहे तेही दिसेना. पलीकडून ज्योती बोलत होती, गंगाधरभाऊजींची मुलगी. म्हणाली, "काकू, अण्णा गेले. दुपारी जेवून शेडमधी बाजेवर पडले व्हते. चारला चहा घेऊन गेले तर…" मी म्हटलं, "बरं बाई, एवढा कुकर उतरवते नि येते." आणि फोन कमरेला खोचला. कुकर उघडला, हळद ताडपत्रीवर ओतली, फावड्यानं पसरली, बायांना दुसरा भरायला सांगितलं. मग हात धुताना एकदम उमगलं, की आपण काय ऐकलं आणि काय बोललो. तिथंच हौदाच्या कडेला बसले. बाया विचारू लागल्या, काय झालं, काहून बसल्या. मला तोंड उघडवेना. तिखट जिभेची म्हणून मी गावात ओळखली जाते, त्यामुळं मी गप्प बसले म्हणजे काहीतरी वाईट घडलं, हे त्यांना न सांगता कळलं.

लिहायचा मला सराव नाही. बचत गटाच्या बैठकीत काय ठरलं ते वहीत उतरवणं, एवढाच माझा लेखनाचा अनुभव. पण भाऊजींबद्दल एक गोष्ट सात वर्षं माझ्या पोटात आहे. ती त्यांच्या कानावर घालायची राहून गेली, म्हणून आता चार लोकांच्या कानावर घालते आहे.

गंगाधर मिस्तरी म्हणजे आमच्या मालकांचे शाळेपासूनचे दोस्त. नातं काही नाही, पण लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून मी त्यांना भाऊजी म्हणत आले आणि ते मला वहिनी. उंच, हाडं मोठी, हात तर असे लांब की बसल्या जागेवरून ते चुलीवरचा चहा उतरवून घेत. डोंगरकडा गावच्या रस्त्याला लिंबाखाली त्यांचं पत्र्याचं शेड. मोठे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, भाऊजींचा जीव मात्र लहान जुन्या ट्रॅक्टरांवर. बागेत, दोन झाडांच्या मधून फिरवायला म्हणून कोणे एके काळी लोकांनी घेतलेले, कमरेएवढे, एक नाहीतर दोन सिलिंडरचे. ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या, ज्यांचे पार्ट मिळत नाहीत, ज्यांच्यावर घरोघरी कोंबड्या बसतात, असे. त्यातला एखादा कुठं पडून आहे असं कळलं की भाऊजी एसटीनं जाऊन नुसतं बघून यायचे. बायको म्हणायची, ह्यांना पोरीसाठी स्थळं बघायला सांगितलं तर पाय दुखतात, आणि ट्रॅक्टर बघायला पार साखरा गावापर्यंत जातात.

त्यांच्या कामाची एक रीत होती. मशीन शेडमध्ये आलं की लगेच पाना लावायचे नाहीत. मशीनवाल्याला म्हणायचे, बसा त्याच्यावर. तो माणूस बंद ट्रॅक्टरवर ओशाळल्यासारखा बसायचा आणि भाऊजी दहा हात लांब बसून सुपारी कातरत बघत राहायचे. गुडघा कुठं येतो, हात किती पोचतो, पाठ टेकते का. आणि दुसरं, जुन्या मशीनच्या अंगाला त्यांनी कधी वेल्डिंग लावलं नाही. वेल्डिंगचं मशीन होतं त्यांच्याकडं, गेटं-बिटं करायला वापरायचे. पण ट्रॅक्टरमध्ये काही बदल करायचा तर नटबोल्टानंच. मूळचं जे काढलं असेल, ते सगळं गोणीत घालून, तोंड तारेनं आवळून मशीनवाल्याच्या हवाली करायचे. एकदा मी विचारलं, हे भंगार आमच्या गळ्यात काहून मारता? तर म्हणाले, "वहिनी, आपण जे जोडलं ते उद्या कोणाला सोडावं वाटलं तर सुटलं पाह्यजे." त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी आमच्या मालकांना लकवा मारला. पेरणीच्या तोंडावर, चाळिशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते. डावी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला, एवढ्यावर समाधान मानून त्यांना घरी आणलं. आता शेतीचं काय, हा प्रश्न अंगणात बसूनच होता. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, माणूस कडक पण मनानं खोटा नाही. त्यांनी बटईला एक माणूसही बघून ठेवला होता. म्हणाले, सुमन, तू ह्याच्याकडं बघ, जमीन बटईनं देऊन टाकू, अर्धं येईल ते येईल. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण मला ते पटेना. एकदा आपल्या वाफ्यात दुसऱ्याचा पाय पडला की आपण आपल्याच बांधावर पाहुण्यासारखं उभं राहायचं, हे मी माझ्या माहेरी बघितलं होतं. मी म्हटलं, दादा, एक हळद मला करून बघू द्या. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि शेवटी म्हणाले, एक हळद. त्याच्यात नुकसान दिसलं तर मग बोलू नको.

बोलून तर बसले. पण बैल आधीच विकले होते आणि माणसं वेळेवर मिळत नाहीत. तेव्हा मला गोठ्यातला तो लहान ट्रॅक्टर आठवला. माझ्या सासऱ्यांनी मोसंबीच्या बागेसाठी घेतला होता म्हणे. मोसंबी वाळली, बाग तोडली, सासरे गेले, ट्रॅक्टर राहिला. सीटवर आमची एक कोंबडी दर वर्षी अंडी उबवायची. भाऊजींनी तो बघितला, टोपणं उघडली, वास घेतला, फिरवायचा प्रयत्न केला. इंजिन पार जाम. मी विचारलं, होईल का हो? त्यांनी मला विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं, मी. दुसऱ्या कुणी असं विचारून हे उत्तर ऐकलं असतं तर हसला असता. भाऊजी म्हणाले, "मग बसा त्याच्यावर." कोंबडी उठवून मी बसले. क्लचपर्यंत पाय पोचेना आणि पोचला तर दाबेना. बाजेवरून मालक बघत होते. मी ट्रॅक्टरवर बसलेली बघून त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडावर हसू आलं. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते.

इंजिनात डिझेल ओतून भाऊजींनी ते आठ दिवस तसंच भिजत ठेवलं. मी रोज विचारायची, झालं का. ते म्हणायचे, रुसलंय, लगेच हात लावू न्हाई. मग ते शेडवर नेलं आणि महिनाभर त्याच्यावर खपले. वसमतच्या भंगारातून कसल्या कसल्या गाड्यांचे पार्ट आणले. हँडल मारून चालू करणं मला जमणार नाही म्हणून दुसऱ्या गाडीचा स्टार्टर बसवला. क्लचचा दांडा लांब केला, की कमी जोरात दाबला जावा. सीट पुढं घेतली. माझं लुगडं चाकात जाईल म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून दोन्ही बाजूंना आडोसा केला आणि त्याच्या कडा माझा पदर फाटू नये म्हणून दुमडून घेतल्या. असा बारीक विचार तर माझ्या सख्ख्या भावानं केला नसता. आणि हे सगळं बोल्टावर. एक टाका वेल्डिंगचा नाही.

आता चुकीची गोष्ट. हळदीचे वाफे मी आधीच पाडून घेतले होते. एका शेजाऱ्याचे बैल दोन दिवसांसाठी मिळाले, मी दोरी घेतली, माझ्या हातानं तीन तीन हातांवर गाठी मारल्या आणि त्या मापानं वाफे पाडले. आमच्याकडं असंच असतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. टेप घरात असतो, पण तो सुतार आला तर काढायचा. चाकं अशी बसवायची होती की मध्ये वाफा राहील आणि दोन्ही चाकं दोन बाजूंच्या सरीतून जातील. भाऊजींनी फोनवर विचारलं, वहिनी, वाफ्याचं माप किती? मी शेतातून ओरडून सांगितलं, तीन हात. ते म्हणाले, बरं. त्यांनी चाकांच्या आत लोखंडी चकत्या घालून, बोल्ट आवळून, चाकं बरोबर तीन हातांवर आणली. त्यांच्या तीन हातांवर.

चालवायला त्यांनीच मला शिकवलं होतं, पडीक रानात. एकच गोष्ट शंभरदा सांगायचे, मागं बघू नका, समोरच्या बांधावरची एखादी खूण धरा नि तिच्याकडं चालत राहा. तर श्रावणाच्या सुरुवातीला हळद वीतभर वर आलेली, कोवळी, पिवळसर हिरवी. मी पदर खोचला आणि ट्रॅक्टर शेतात घातला. दहा-बारा माणसं बांधावर जमली होती. बाई ट्रॅक्टर चालवते म्हणजे तमाशाच. मी समोरच्या बाभळीवर नजर धरली आणि निघाले. एक ओळ संपवली, वळले, दुसरी धरली. बांधाजवळ मालकांची बाज टाकली होती, आणि ते उजवा हात जोरजोरात हलवत होते. मला वाटलं, शाबासकी देत आहेत. मीसुद्धा हात हलवला. तेवढ्यात दादांची हाक आली आणि मी मागं वळून पाहिलं. एक चाक सरीतून गेलं होतं, दुसरं शेजारच्या वाफ्यावरून. दोन ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोवळी हळद चिखलात दाबली गेली होती. मालक ओरडू शकत नव्हते, म्हणून ते हात हलवत होते.

पुढचं लिहायला मला लाज वाटते, तरी लिहिते. दादा बांधावर उभे होते, आणि त्यांनी बटईवाल्याचा विचार केला हे त्यांच्या तोंडावर दिसलं. माझ्या डोळ्यांसमोर जमीन हातातून चालली होती. आणि भाऊजी धावत येत होते. मी ट्रॅक्टरवरून उतरले आणि सगळ्यांसमोर त्यांच्यावर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. दोस्त बाजेवर पडला म्हणून त्याच्या बायकोच्या शेतात खेळ मांडला का, असं बोलले. ज्याला तीन हात मोजता येत नाहीत त्यानं पाना हातात धरू नये, असं बोलले. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. माझं झाल्यावर ते सरीत बसले, एका वाफ्यावर आपला हात आडवा टाकून मोजला, एकदा, दोनदा. मग उठले आणि माझ्याकडं न बघता दादांना म्हणाले, "दादा, ह्याच्यात बाईची चूक न्हाई. माप न घेता चाकं म्या बसवली. मला आठ दिवस द्या." दादांनी आठ दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले. हातात बांबूची एक कामटी आणि सुरी. म्हणाले, वहिनी, हात पुढं करा. कामटी माझ्या कोपराला लावली, बोटाच्या टोकाशी खूण केली, कापली. मग सहज, सवयीनं, त्यांनी ती आपल्या हातावर ठेवून बघितली. ती त्यांच्या हातापेक्षा चार बोटं आखूड होती. हातामागं चार बोटं, म्हणजे तीन हातांना बारा बोटं, म्हणजे पुरी एक वीत. मी बघत होते. ते बघत होते. चूक कुठं झाली ते त्या क्षणी मला लख्ख कळलं. वाफे मी माझ्या हातानं पाडले होते आणि एवढ्या उंच माणसाला "तीन हात" एवढंच सांगून मोकळी झाले होते. कोणाच्या हातानं ते सांगायचं माझं काम होतं. भाऊजींना तर ते शेतातच कळलं होतं, वाफ्यावर हात टाकला तेव्हाच. आता बोल, असं माझं मन म्हणत होतं. पण बोलले तर ते दादांपर्यंत जाणार, आणि दादा म्हणणार, माप सांगता येत नाही ती शेती काय करणार. मी गप्प राहिले. भाऊजींनी माझ्याकडं एकदा बघितलं, कामटी खिशात घातली आणि म्हणाले, "चहा टाका, वहिनी."

चार दिवसांत चाकं आत आली. आतल्या चकत्या काढल्या, त्या गोणीत घालून माझ्या हवाली केल्या. म्हणाले, ठिवा, उद्या कोणाला रुंद लागलं तर. ती गोणी गोठ्याच्या आढ्याला टांगली. ट्रॅक्टर सरीतून असा गेला की पानाला धक्का लागला नाही. तुडवलेल्या दोन ओळी सोडून बाकी हळद माझ्या हातची झाली, आणि चांगली झाली. उकरणी संपली त्या दिवशी दादा येऊन ढिगाजवळ उभे राहिले, एक गड्डा हातात घेतला, मोडून बघितला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बेणं हेच ठेव. बटईची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

माझं असं निभावलं. पण ती चूक भाऊजींच्या नावाला चिकटली. आमच्याकडची माणसं गोष्ट विसरत नाहीत, तिला मीठमसाला लावतात. दोन ओळींच्या चार झाल्या, चारच्या आठ. पारावर भाऊजी दिसले की कुणी ना कुणी विचारायचं, काय मिस्तरी, आज कोणाची हळद तुडवायची? भाऊजी हसायचे. माझ्या घरी, माझ्या हातचा चहा पीत पाहुणे ही गोष्ट सांगायचे आणि मी बशा उचलत ऐकायची. एकदा एका सोयऱ्यानं सांगितलं, जुना ट्रॅक्टर होता, पण मी वसमतला नेला, गंगाधर चांगला हाय पण मापात चुकतो. तेव्हा मला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण तीन वर्षं गप्प बसल्यावर चौथ्या वर्षी कोणत्या तोंडानं बोलायचं? लहान खोटं लवकर कबूल केलं तर सोपं असतं, नंतर ते आपल्याशिवाय मोठं होत जातं. मालकांची वाचा हळूहळू, तुटक तुटक परत आली आणि माझी मात्र याच एका बाबतीत गेली, असं मी मनाशी म्हणायची.

भाऊजींनी मात्र त्या चुकीतून आपल्या कामाला एक नवी रीत लावून घेतली. त्यानंतर कुणीही माप सांगितलं की ते विचारायचे, "कोणाचा हात?" आणि शेडमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाताची कामटी कापून, तिच्यावर लाल ऑइलपेंटनं नाव लिहून भिंतीला अडकवायचे. कुणाचा पाय अधू असला तर पायाचीसुद्धा. साखऱ्याचा एक मेंढरंवाला आपलं जुनं मशीन घेऊन आला होता, उजवा हात थरथरायचा त्याचा. भाऊजींनी सगळे दांडे डाव्या बाजूला आणून दिले. तो माझ्यासमोर म्हणाला, आतापर्यंत आमी मशीनला जुळवून घेत व्हतो, ह्या मिस्तरीनं मशीनला आमच्याशी जुळवून घ्यायला लावलं. भाऊजी त्याला म्हणाले, "ते मला वहिनींनी शिकवलं." मी रागानं बघितलं, टोमणा मारतात का म्हणून. त्यांच्या तोंडावर टोमण्यासारखं काही नव्हतं. ते खरंच तसं मानत होते, आणि त्याचीच मला जास्त तकलीफ झाली.

शेवटची भेट माघात झाली. ट्रॅक्टरचा आवाज बदलला होता म्हणून ते सकाळीच आले. थोडे थकलेले वाटले, पायऱ्या चढताना थांबले. काम दहा मिनिटांचं होतं, पण मालकांजवळ दोन तास बसले. दोघं दोस्त फारसं बोलत नसत. भाऊजी सुपारी कातरायचे, अर्धी त्यांना द्यायचे, आणि दोघं रस्त्याकडं बघत बसायचे. निघताना मी अंगणापर्यंत गेले. म्हटलं, भाऊजी, एक बोलायचं व्हतं. ते वळले, थांबले. मी म्हटलं… मी म्हटलं, यंदा पाडव्याला जेवायला या. ते म्हणाले, येतो की, पुरण करा. आणि गेले. पाडवा आला तेव्हा त्यांची तेरवी होऊन दोन दिवस झाले होते.

चैत्रात ज्योतीनं बोलावलं. ती वसमतला नोकरी करते, शेड किती दिवस असं ठेवायचं म्हणून आवरायला घेतलं होतं. अर्धवट उघडलेलं एक इंजिन, जुन्या लुगड्यावर ओळीनं मांडलेले नटबोल्ट. ते लुगडं ओलांडायला कुणाला परवानगी नव्हती, अजूनही आम्ही दोघी कडेनंच चाललो. भिंतीला कामट्या, चाळीस तरी असतील. ज्योती म्हणत होती, ज्याची त्याला देऊन टाकू. तिनं माझी काढली, 'सुमनवहिनी' लिहिलेली, सगळ्यात जुनी, धुरानं काळी झालेली. म्हणाली, "काकू, हिच्यासंग आणखी एक बांधलेली हाय. तिच्यावर नाव न्हाई. कोणाची असंल?" तारेनं दोन्ही एकत्र आवळल्या होत्या. बिननावाची कामटी चार बोटं लांब होती.

मी ती हातात घेतली. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत भाऊजींचा हात. माणूस जळून गेला, फोटोत नुसता चेहरा उरला, आणि हा हात मात्र होता तेवढाच्या तेवढा माझ्या मांडीवर पडला होता. सात वर्षं त्यांनी दोन्ही मापं एकत्र बांधून ठेवली होती. कुणीही शेडमध्ये येऊन दोन्ही शेजारी धरली असती तर चूक कोणाची ते कळलं असतं. त्यांनी कुणाला ते दाखवलं नाही, आणि फेकूनही दिलं नाही. मी ज्योतीला म्हटलं, "तुझ्या अण्णांचा हात हाय हा." आणि मग त्या शेडमध्ये, त्यांच्या बाजेवर बसून, तिला सगळं सांगितलं. रडत रडतच सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, अण्णांनी घरी कधीच सांगितलं न्हाई. मग दोन्ही कामट्या माझ्या पिशवीत घातल्या आणि मला एसटीपर्यंत सोडायला आली.

वैशाखात वाफे पाडायची वेळ आली तेव्हा मी दोरीवर गाठी भाऊजींच्या कामटीनं मारल्या. आढ्यावरची गोणी उतरवली. तार गंजली होती, पण आतल्या चकत्यांना त्यांनी ग्रीस लावून ठेवलं होतं, त्या तशाच्या तशा निघाल्या. जॅक लावून, चाकं काढून, चकत्या घालून, बोल्ट मी स्वतः आवळले. मालकांनी उजव्या हातानं एकेक नट मला दिला. वेल्डिंग असतं तर यातलं काहीच करता आलं नसतं. वाफे पडत असताना दादा आले. वय झालंय, पण नजर तीच. म्हणाले, सुमन, माप वाढवलंस का? मी म्हटलं, व्हय दादा. आणि आता गावात सगळे विचारतात तसं त्यांनी विचारलं, कोणाचा हात? मी म्हटलं, "गंगाधरभाऊजींचा. आणि दादा, त्या वर्षी चूक त्यांची नव्हती, माझी व्हती." उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाफे पाडायला आणलेल्या बैलांपाशी दोन गडी होते, त्यांनीही ऐकलं, ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्यानं बोलले. दादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, तेव्हाच सांगितलं असतंस तर म्या जमीन बटईनं दिली असती. थांबले, आणि म्हणाले, त्याला बी ते ठाऊक असंल.

गेल्या सोमवारी वाफे पुरे झाले. हळद अजून लावायची आहे. तरी मी ट्रॅक्टर एकदा रिकामाच फिरवून बघितला. समोर बाभळीवर नजर धरली आणि निघाले, पण या वेळी मधूनमधून मागं बघत होते. भाऊजी असते तर रागावले असते. पहिली ओळ संपली, वळले, तर बांधाजवळच्या बाजेवरून मालक हात हलवत होते, आणि हातात भाऊजींची ती कामटी होती. या वेळी मी हात हलवला नाही. ट्रॅक्टर बंद केला, उतरले, ढेकळांतून चालत त्यांच्यापाशी गेले आणि विचारलं, "काय झालं? चाक चढलं का?"

त्यांनी मान हलवली. शब्द जमवायला त्यांना वेळ लागतो, मी थांबले.

"न्हाई," ते म्हणाले. "बराबर… हाय."